अठ्ठ्याण्णव अंश

दर जूनला, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात, मी विज्ञानाच्या वर्गाचे नियम फळ्यावर लिहून देते. मुलं ते प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर उतरवतात, घरी नेतात आणि खाली पालकांची सही आणतात. सही नसेल तर प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. ही माझी पद्धत आहे, शाळेची नाही. शाळेचे नियम गणवेशाचे आणि केसांच्या रिबिनींचे असतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला शाळेकडे भरपूर माणसं आहेत.

माझे नियम मोजून सात. काच फुटली तर लगेच सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याला आहे. स्पिरिटचा दिवा फुंकून विझवायचा नाही, त्याच्यावर टोपण ठेवायचं. गाईड वर्गात दिसलं तर माझ्या कपाटात जाईल आणि परीक्षा संपल्यावरच बाहेर येईल. उशीर झाला तर कारण सांगत उभं राहायचं नाही, गुपचूप येऊन बसायचं. "समजलं का?" असं मी विचारलं की सगळ्यांनी एका सुरात "हो" म्हणायचं नाही. हातात काही असेल तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही, हातातल्या वस्तूकडे बघायचं. आणि सातवा, जो मी खाली दोन रेघा मारून लिहिते: जे दिसेल तेच लिहायचं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात लिहून देण्यासारखं काय आहे? आमच्याकडे प्रयोगवही कशी भरतात हे त्याला ठाऊक नाही. आमच्याकडे वही आधी भरते आणि प्रयोग नंतर होतो. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं गेल्या वर्षीच्या ताई-दादाच्या वहीतून सुट्टीतच उतरवून झालेलं असतं. आकृत्या शिकवणीच्या बाई काढून देतात, काही घरांत आई काढते, आणि त्या आईचा हात इतका छान असतो की तिलाच शेरा द्यावासा वाटतो. एकदा सहावीला चुंबकाचा प्रयोग घ्यायला गेले, पेटी उघडली तर आत चुंबकच नाही, कोणीतरी पळवलेला. एकाच्या वहीत मात्र निरीक्षण तयार होतं: लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला. मी विचारलं, "कधी चिकटला रे?" तो म्हणाला, "बाई, चिकटतोच ना तो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती वही खिडकीतून मैदानात भिरकावली आणि नंतर स्वतःच जाऊन उचलून आणली. राग माझ्या नाकावर असतो, हे नाशिकरोडच्या निम्म्या पालकांना माहीत आहे. मला तो लपवायचा नाही.

आता ज्या मुलीबद्दल सांगायचं आहे ती दोन वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात होती. एकलहऱ्याकडून सायकलने यायची. घरी भाजी आणि फुलं. झेंडू, पालक, कोथिंबीर. शाळेला यायच्या आधी जुड्या बांधून यायची, त्यामुळे पहिल्या तासाला तिच्या बाकाला कोथिंबिरीचा वास असायचा आणि नखं हिरवी. वर्गात फार बोलायची नाही, पण बोलली तर नेमकं बोलायची. पानं हिरवी का असतात हे मी शिकवत होते तेव्हा ती उठून म्हणाली, "बाई, आमच्याकडं लाल माठ हाय. त्याला अन्न कसं भेटतं मग?" पोरं हसली. मी हसणाऱ्यांना उभं केलं आणि तिला दुसऱ्या दिवशी लाल माठ आणायला सांगितलं. आम्ही ती पानं गरम पाण्यात उकळली, लाल रंग पाण्यात उतरला आणि आतून हिरवं पान निघालं. त्या दिवशी ती घरी जाताना किती खूश होती, ते मी पाहिलं आहे.

तिला सेमीत जायचं होतं. आमच्या शाळेत आठवीपासून तुकड्या माध्यमावरून पडतात. सेमी, म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून. आणि साधी, म्हणजे सगळं मराठीतून. मराठीतून शिकल्यानं कोणाचं डोकं कमी होत नाही, हे मी घसा फोडून सांगत आले. पण सेमीला चांगले शिक्षक देतात, प्रयोगशाळेचे तास सेमीचे आधी लागतात, आणि साध्या तुकडीच्या मुलांनी अकरावीला सायन्सला जायचं नसतं हे कोणी न सांगता ठरून गेलेलं आहे. साध्या तुकडीकडे बघायची शाळेची नजरच वेगळी असते. सेमीत जागा चाळीस, आणि त्या सातवीच्या विज्ञान-गणिताच्या गुणांवर भरतात. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं, पुढे रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायचं होतं. हे तिने मला पाणपोईपाशी सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली होती, "घरी नका सांगू बाई, गणितात मार्क पडूद्या आधी." गणित तिचं बेताचंच होतं. सगळी भिस्त विज्ञानावर.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा होती तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा झाली. प्रयोग साधा. चंचुपात्रात पाणी, खाली दिवा, पाण्यात थर्मामीटर. पाणी खळखळून उकळायला लागलं की पारा कुठे थांबतो ते वाचायचं आणि लिहायचं. दोन गुण. थर्मामीटर सात होते, त्यातले चार चालणारे. मुलं एकेक करून पुढे येत होती. बहुतेकांनी उभ्याउभ्याच पाहिलं. ती आली, तिने दप्तर खाली ठेवलं, गुडघे वाकवले आणि डोळे पाऱ्याच्या रेषेत आणले. मी शिकवलं होतं अगदी तसं. बराच वेळ पाहिलं. मग उठून जागेवर गेली आणि लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण मला बरं वाटलं, हे मला आठवतं.

आमच्याकडे आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासत नाही. बाई आपल्या पोरांना मार्क वाटतात असा कोणाचा तरी संशय कधीकाळी आला होता, तेव्हापासून तुकड्यांची अदलाबदल होते. माझ्या वर्गाचे पेपर दुसऱ्या तुकडीचे सर तपासतात आणि त्यांचे मी. ज्याचा वर्ग त्याने नमुना उत्तरांचा कागद करून द्यायचा, तपासणाऱ्याने तो शेजारी ठेवून तपासायचं. पद्धत वाईट नाही. कागद नीट केलेला असेल तर.

सेमीची यादी लागली तेव्हा मी फलकापाशी गेले आणि तिचं नाव शोधलं. चाळीसात नव्हतं. खाली प्रतीक्षेत पहिलं, म्हणजे एक्केचाळिसावी. चाळिसाव्यापेक्षा एक गुण कमी. ती फलकासमोर उभी होती. मला पाहिलं आणि म्हणाली, "बाई, प्रात्यक्षिकात दोन गेले. कशानं गेले?" मी म्हटलं, "थांब, बघते." आणि मी जी निघाले ती थेट त्या सरांच्या टेबलापाशी.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिक्षक खोलीत चार माणसं होती, चहा आला होता, कोणी कपाला हात लावला नाही. मी त्यांच्याकडून गठ्ठा घेतला आणि तिचा पेपर काढला. तिने लिहिलं होतं: "पारा ९८ अंशावर थांबला. नंतर खूप वेळ दिवा होता तरी वर गेला नाही." त्यावर लाल फुली. शून्य.

"तिने पाहिलेलं लिहिलंय," मी म्हटलं. "तुम्ही कशाच्या आधारावर फुली मारलीत?"

सर भांडखोर माणूस नाही. त्यांनी खण उघडला, एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. "बाई, हे तुमच्याच अक्षरात आहे."

प्रश्न तिसरा. १०० अंश सेल्सिअस. गुण २. खाली माझी सही.

तो कागद मी घरी केला होता, गेल्या वर्षीचा समोर ठेवून. गेल्या वर्षीचा त्याआधीच्यावरून केलेला होता. मी थर्मामीटर हातात धरला नव्हता. दिवा लावला नव्हता. वीस-बावीस वर्षं पोरांना दोन रेघा मारून नियम लिहून देणारी मी, मलाही शंभर हे उत्तर पाठ होतं आणि मी ते न मोजता उतरवलं होतं. त्या चुंबकाच्या मुलाची वही मी खिडकीतून फेकली होती. माझा कागद कोणी फेकायचा? आपलेच दात आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार.

तरी मी गठ्ठा सोडला नाही. तिथेच बसून सगळे पेपर पाहिले. बाकी एकोणचाळीस जणांनी शंभर लिहिलं होतं. पैकी अकरा पेपरांत आधी अठ्ठ्याण्णव लिहिलेलं होतं, आणि ते खोडून शंभर केलं होतं. एकाने तर खोडरबर इतकं घासलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. म्हणजे पोरांना दिसलं होतं. त्यांनी पाहिलं, लिहिलं, मग घाबरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोडून टाकलं आणि पूर्ण गुण मिळवले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत एकटीने चारही थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरले. तीन अठ्ठ्याण्णवला थांबले, चौथा जरासा खाली. त्यातला एक घरी नेला, गॅसवर पातेलं ठेवलं. पुन्हा अठ्ठ्याण्णव. आणि याचं कारण मला माहीत होतं! बी.एस्सी.ला शिकले होते, दर वर्षी शिकवतही होते: उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. उदाहरण म्हणून मी हिमालयाचं नाव घेते, कारण पुस्तकात ते असतं. मुंबईहून येताना कसारा घाट चढून आपण वर येतो, आपलं अख्खं नाशिक समुद्रापासून सहाशेएक मीटर उंच बसलेलं आहे, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नाही. उंची भूगोलाच्या बाईंची, पाणी माझं, आणि हिमालय पुस्तकाचा. माझ्या स्वयंपाकघरात चहाचं पाणी जन्मभर अठ्ठ्याण्णवला उकळत आलं आणि शाळेत मी शंभर शिकवत आले. एका कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या पोरीने ते गुडघे वाकवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले. नमुना उत्तर चुकलं आहे, चूक माझी आहे, लेखी देते, तिचे दोन गुण द्या, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांचा तो शांतपणा मला आजही सहन होत नाही.

"बाई, पुस्तकात किती दिलंय?"

"समुद्रसपाटीला शंभर."

"परीक्षा पुस्तकावर असते ना?"

"परीक्षा थर्मामीटरवर होती."

ते पेन टेबलावर आडवं ठेवून म्हणाले, "ठीक. तिचं बरोबर धरू. मग एकोणचाळीस जणांचं चूक. त्यांचे दोन-दोन कापायचे. त्यातले पंधराएक सेमीच्या यादीत आहेत, काही बाहेर जातील. त्यांचे पालक उद्या सकाळी या दारात असतील. तुम्ही बोलाल त्यांच्याशी? कापू?"

मी 'कापा' म्हणायला हवं होतं. एकच शब्द होता. ती सगळी माझीच पोरं. खोडणारी अकरा, भोक पाडणारा तो, माझ्या लाडक्या दोन-तीन मुली. मला त्यांचे चेहरे दिसले, पालकांचा घोळका दिसला. मी म्हटलं, "दोन्हींना द्या गुण. शंभरलाही द्या, अठ्ठ्याण्णवलाही द्या."

मुख्याध्यापक हसले. "म्हणजे पाणी दोन्हीकडे उकळतं का, बाई?"

ज्यांच्यावर मला राग होता त्यांनीच मला विज्ञान शिकवलं, आणि बरोबर शिकवलं. त्यांनी माझं लेखी घेतलं, फायलीत ठेवलं आणि पुढच्या वर्षी कागद नीट करा म्हणाले. यादी तीच राहिली. बाहेर आल्यावर मी जिन्याच्या कठड्यावर हात आपटला, दोन दिवस तो सुजून होता. एवढाच माझ्या रागाचा पराक्रम.

त्या आठवड्यात तिचे वडील आले. मार्केटला माल टाकून परस्पर आले होते, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. हातात पिशवी, पिशवीत तिची प्रयोगवही. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं, ते बसले नाहीत.

"बाई, पोरगी म्हणती तिनं बरोबर लिव्हलं व्हतं."

"बरोबरच लिहिलं होतं. चूक माझी झाली."

"मग दुरुस्त करा ना." इतक्या सरळ आवाजात म्हणाले, जणू सायकलची चेन पडली आहे.

"मी सांगितलं वर. ऐकत नाहीत."

त्यांनी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. सात नियम, खाली त्यांची सही, प्रत्येक अक्षर सुटं. "ही माझी सही हाय. मी नुसती नाय मारली, वाचून मारली. तिला म्हणलं, बाई सांगत्यात तसंच करायचं, इकडं तिकडं बघायचं नाय. बाकीच्यांनी नाय ऐकलं, ते गेले सेमीत. हिनं ऐकलं, ही राहिली भायेर. आता मला येवढंच सांगा, माझी धाकटी पुढच्या साली तुमच्याकडं यायचीय. तिला मी काय सांगू?"

ते भांडायला आले असते तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, आणि मी म्हटलं, "मी बघते काहीतरी." हे वाक्य मी आयुष्यात जितक्या लोकांच्या तोंडून ऐकलं, तितक्यांचा मला राग आला आहे. ते वही पिशवीत घालून गेले. जाताना दारात चप्पल घालताना "येतो बाई" म्हणाले, याचाही मला राग आला. त्यांनी निदान दार आपटायला हवं होतं.

जूनमध्ये मी सेमीचे तास सोडले आणि आठवीची साधी तुकडी मागून घेतली. शिक्षक खोलीत त्याची चर्चा झाली. कोणी म्हणालं, बाई दमल्या. कोणी म्हणालं, रुसल्या. मुख्याध्यापकांनी लगेच सही केली, कारण सेमीचे तास मागणारे तिथे रांगेत होते. मला वाटत होतं, मी स्वतः शिकवलं की भरून निघेल. सेमी काय देणार होती, ते मी देईन. अकरावीला ही मुलगी सायन्सला जाईल आणि मी त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तिला पाठवीन. या जिद्दीवर मी दीड महिना चालले.

ती दुसऱ्या बाकावर बसायची. वही सुंदर, अक्षर सुंदर, गृहपाठ वेळेवर. प्रश्न मात्र एकही नाही. मी वाट पाहिली. शेवटी जुलैच्या अखेरीस आकारमानाचा प्रयोग घेतला. मी मुद्दाम सांगितलं की दगड मी देणार नाही, प्रत्येकाने मैदानातून आपला आपण शोधून आणायचा. ती टाकीमागून एक काळा, एका बाजूने चपटा दगड घेऊन आली. दोरा बांधला, मोजपात्रातल्या पाण्यात अलगद सोडला. पाणी वर चढलं. किती चढलं ते वाचायचं, आधीचं त्यातून वजा करायचं, संपलं. तिने पाहिलं. पेन उघडलं. मग पेन तसंच धरून ती उठली आणि माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, किती यायला पाहिजे?"

मला वाटलं तिला वजाबाकी अडली असेल. मी म्हटलं, "तुझा दगड आहे. मला काय माहीत किती येईल?" तो दगड त्या सकाळपर्यंत कोणी मोजलेला नव्हता. त्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठल्या गाईडात नव्हतं, कोणाच्या ताईच्या वहीत नव्हतं. मी विचारलं, "पाणी कुठपर्यंत चढलेलं दिसलं तुला?"

"दिसलं ते ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. "तुम्ही कागदावर काय लिव्हलंय ते सांगा."